अब्बा नावाचे पुष्कळजण

बाप वारला तेव्हा शमुएल घरी नव्हता. बापाकडे काही पोरक्या मुलांचे पैसे सांभाळायला दिलेले होते आणि ते कुठे ठेवलेत हे सांगायची त्याला सवड मिळाली नाही. मग गावाने गावासारखंच केलं. अनाथांचे पैसे खाणाऱ्याचा पोरगा, असं शमुएलला आधी पाठीमागे आणि मग तोंडावर म्हणायला लागले. तिसऱ्या शतकातल्या बाबिलोनियातली, युफ्रेटिसकाठच्या नेहार्देआची ही गोष्ट यहुद्यांच्या तालमूद या धर्मग्रंथातल्या बराखोत या भागात येते. शमुएल काही साधासुधा माणूस नव्हता. कायद्यात, वैद्यकीत, ग्रहताऱ्यांच्या गणितात त्याचा हात धरणारं त्या मुलखात कोणी नव्हतं. पण गावाच्या तोंडाला हात कोण लावणार? शेवटी तो थेट मेलेल्यांकडे चौकशीला गेला.

मला अब्बा हवाय, म्हणाला. उत्तर आलं, अब्बा इथे पुष्कळ आहेत. अब्बाचा मुलगा अब्बा हवाय. तेही इथे पुष्कळ आहेत. मग त्याने सांगितलं, शमुएलचा बाप जो अब्बा, तो. तेव्हा कुठे ओळख पटली. कळलं की ते वरच्या पाठशाळेत गेलेत. थोड्या वेळाने बाप आला तो रडत आणि हसत. रडत अशासाठी की मुलगाही लवकरच इकडे येणार, आणि हसत अशासाठी की मुलाचं या जगात मोठं नाव आहे. पैशांचं विचारल्यावर म्हणाला, जात्याच्या बैठकीत बघ. वरचे आणि खालचे आपले, मधले पोरांचे. चोर आले तर वरचे नेतील, जमिनीला ओल आली तर खालचे नासतील. दोन्ही वेळा जातील ते आपले.

हा हिशेब मला फार आवडतो. एवढ्या तीन ओळींत तो माणूस आख्खा उभा राहतो. आणि असा माणूस नुसत्या नावाने मात्र सापडत नव्हता, कारण नाव काय, तर अब्बा. अरामी भाषेत अब्बा म्हणजे बाप. शिवाय वडीलधाऱ्या, पापभीरू माणसाला आदराने लावायची ती पदवीही होती. अब्बा शाऊल, अब्बा हिल्किया. यातला हिल्किया रोजंदारीवर शेत खणायचा. दुष्काळात पंडितांची माणसं त्याला पावसासाठी प्रार्थना करायला सांगायला आली, तर काम संपेपर्यंत त्याने मान वर करून त्यांच्या नमस्कारालाही उत्तर दिलं नाही. मजुरीचा वेळ मालकाचा, असं त्याचं म्हणणं. अशा माणसांना लोक अब्बा म्हणत आले, आणि म्हणता म्हणता ही पदवी पाळण्यातल्या पोरांना नाव म्हणून ठेवायला लागले. ज्याला बाप व्हायला अजून वीस वर्षं आहेत त्याचं नाव बाप. शमुएलच्या वडिलांचं तर असं झालं की तालमूदमध्ये ते जवळजवळ सगळीकडे ‘शमुएलचे वडील’ म्हणूनच येतात. त्यांच्या नावाने त्यांची ओळख पटत नव्हती, मुलाच्या नावाने पटली.

याच बराखोतमध्ये एक बारीकसा नियम आहे. घरातल्या गुलामांना ‘अब्बा अमका’, ‘इम्मा अमकी’ असं म्हणू नये. पदवीचा मान कोणाला द्यायचा यावर पहारा असणार, यात नवल नाही. पण लगेच पुढे येतं की रब्बान गमलिएल या पंडिताच्या घरात तसं म्हणत असत. त्या घरात ताबी नावाचा म्हातारा गुलाम होता. तो वारल्यावर गमलिएलने आपल्या माणसासारखं सुतक मानून सांत्वनाला येणाऱ्यांना घरात घेतलं. शिष्यांनी विचारलं, गुलामासाठी असं करू नये हे तुम्हीच शिकवलंत ना? त्यावर त्याचं उत्तर एवढंच, की ताबी इतर गुलामांसारखा नव्हता. त्या घरात त्याला अब्बा ताबी म्हणत.

आता दुसरी पदवी घेऊ, जी आज सगळ्या जगाला माहीत आहे. रब्बी म्हणजे माझे गुरू. त्यातला ‘माझे’ केव्हाच वाळून गेला आणि कोणीही कोणालाही रब्बी म्हणू लागलं. पॅलेस्टाइनमधले कितीतरी पंडित रब्बी अमुक, रब्बी तमुक आहेत. पण मिश्नामध्ये नुसतं ‘रब्बी’ आलं, पुढे काही नाही, तर तो एकच माणूस: यहूदा हा-नासी. इ.स. २००च्या सुमारास ज्याने मिश्नाची संहिता बांधली, पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलेला कायदा सहा भागांत लावून दिला, तो. आपल्याकडे माउली म्हटल्यावर कोण, हे जसं वारकऱ्याला विचारावं लागत नाही, तसं. बाबिलोनियात असाच ‘रव’. तिकडच्या पंडितांना रब्बी नव्हे, रव म्हणत. पण नुसता रव म्हणजे ज्याने २१९मध्ये सुरा या गावी पाठशाळा काढली तो. त्याचं घरचं नाव? अब्बाच. उंच होता म्हणून अब्बा अरीखा, उंच अब्बा. म्हणजे एका पदवीचं नाव झालं होतं, त्यावर दुसरी पदवी येऊन बसली आणि तिने पहिलीला गिळलं.

पुढे तर रव आणि अब्बा बोलता बोलता एकमेकांत विरघळले. रव अब्बाचा झाला रब्बा, आणखी एकाचा झाला रावा. रव अवीनाचा रावीना. चौथ्या शतकात महोझा शहरात शिकवणारा रावा आणि त्याचा मित्र अबाये यांचे वादविवाद म्हणजे बाबिलोनी तालमूदचा कणाच. पण रावा या नावात जन्मनाव असं म्हणावं तर काही उरलेलंच नाही. अर्धा गुरू, अर्धा बाप.

एखाद्या पदवीने माणसाचं नाव असं पुसलं की तो मोठा झाला असं आपण समजतो. पंडितांचं गणित मात्र उलटं होतं. तोसेफ्ता नावाच्या जुन्या संकलनात एक उतरंड, खरं तर चढण दिली आहे. ज्याला शिष्य आहेत आणि त्या शिष्यांनाही शिष्य झाले, त्याला रब्बी म्हणावं. ज्याचे शिष्य विस्मरणात गेले त्याला रब्बान म्हणावं. आणि शिष्य आणि त्यांचेही शिष्य, दोन्ही विस्मरणात गेले, की त्याला नुसत्या नावाने हाक मारावी. हिल्लेल. शम्माय. मागेपुढे काही नाही. पुढे गाओनांच्या, म्हणजे बाबिलोनी पाठशाळांच्या प्रमुखांच्या काळात याचाच पाढा झाला: रवपेक्षा रब्बी मोठा, रब्बीपेक्षा रब्बान, आणि रब्बानपेक्षा नाव. मोठेपणाच्या या चढणीत विसरणं ही पायरी धरलेली आहे, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बाहेर एक चक्कर मारून आलो.

मोठ्या पदवीची सावलीही लांब पडते. त्या ‘रब्बी’च्या घरात एक दासी होती. तिचं हिब्रू इतकं जुनं आणि अस्सल की शास्त्रातले काही शब्द विद्यार्थ्यांना उमजेनात, तेव्हा तिच्या रोजच्या बोलण्यातून ते उमजले. रब्बी मरणपंथाला लागले तेव्हा शिष्यांनी उपास धरून अखंड प्रार्थना चालवली होती. त्या प्रार्थनांनी जीव अडून राहिला होता. दासी छपरावर गेली. पहिल्यांदा तिनेही मालक जगावा अशीच प्रार्थना केली. मग आजारात त्यांना किती वेळा शौचाला जावं लागतंय, दर वेळी ते प्रार्थनेच्या चामडी पट्ट्या सोडतायत, बांधतायत, कण्हतायत, हे तिने पाहिलं. तिने एक मातीचं भांडं उचललं आणि वरून खाली टाकलं. आवाजाने सगळे क्षणभर थांबले, आणि तेवढ्यात रब्बी गेले. एवढ्या धैर्याच्या आणि एवढ्या समजुतीच्या या बाईचं नाव तालमूदला माहीत नाही. ती ‘रब्बींची दासी’. दुसऱ्याच्या पदवीवरच तिचा निभाव झाला.

यरुशलेमच्या जुन्या डोंगरउतारावर १९१३-१४मध्ये एक ग्रीक शिलालेख सापडला, त्यातही हीच गंमत आहे. थेओडोटोस नावाच्या माणसाने सभास्थान बांधलं, परगावाहून येणाऱ्यांसाठी खोल्या आणि पाण्याची सोय केली. तो स्वतः याजक आणि सभास्थानाचा प्रमुख. वेट्टेनोसचा मुलगा. सभाप्रमुखाचा मुलगा आणि सभाप्रमुखाचा नातू. बापाचं नाव आहे, आजोबाचं नाही. आजोबा नुसते सभाप्रमुख म्हणून दगडावर उरलेत. दक्षिण इटलीत वेनोसाच्या भुयारी दफनभूमीत याचं दुसरं टोक आहे. तिथे कल्लिस्तोस नावाच्या एका सभाप्रमुखाची कबर आहे. वय तीन वर्षं तीन महिने. घराण्याचा मान म्हणून पोराला पदवी मिळाली असणार, याहून जास्त त्या वयाला काही जमणारही नव्हतं.

कल्लिस्तोससारख्याच्या बाबतीत पदवी निदान पदवी म्हणून तरी कोरलेली आहे. पण पदवीमागचं काम पुरतं संपलं तर ती कुठे राहते? मला विचाराल तर ती नावात राहायला जाते.

इ.स. ७०मध्ये रोमनांनी यरुशलेमचं मंदिर जाळलं. होम-बळी थांबले, याजकांच्या पाळ्या थांबल्या. याजकाचं घराणं राहिलं, आशीर्वाद देण्याचा मान राहिला, आणखी दोन-चार हक्क राहिले, पण वेदीवरचं काम गेलं ते गेलंच. आणि बाबिलोनियात, जिथे ते मंदिर कधी नव्हतंच, पंडितांत काहना नावाची माणसं भेटायला लागतात. काहना म्हणजे याजक. एक नाही, चांगले अनेक रव काहना आहेत. यातल्या एकाची कथा अशी की तो मुळात याजक नव्हताच. त्याने याजकाच्या मुलीशी लग्न केलं, आणि असं लग्न सामान्य घरातल्याला लाभत नाही अशी समजूत होती. त्याला देशोधडीला लागावं लागलं, तेव्हा तो स्वतःच म्हणाला की ही बायको केली नसती तर परमुलखात आलो नसतो. म्हणजे नाव याजक, जात नव्हे. आणि पुढे खूलीन या भागात येतं की कापलेल्या जनावरातला जो वाटा याजकाला द्यायचा – पुढचा पाय, जबडा आणि पोटाचा कोठा – तो रव काहना खात असे. कशाच्या जोरावर? बायकोच्या. ती याजकाची मुलगी म्हणून. नाव त्याचं, हक्क तिचा. अशी तोंडात बोट घालायला लावणारी ओळ तालमूद अगदी सहज, खटल्यातल्या दाखल्यासारखी टाकून जातं.

बायकांच्या नावांत मार्था बघा. मार म्हणजे धनी, स्वामी. बाबिलोनियात हा मानाचा शब्द पंडितांच्या नावांना लागे. त्याचं स्त्रीरूप मार्था, मालकीण. यरुशलेमभोवतीच्या अस्थिपेट्यांवर हे नाव कोरलेलं आढळतं, म्हणजे घरोघरी मालकिणी होत्या. एक मार्था मात्र नावाला जागली. बोएथूस या महायाजकांच्या घराण्यातली ही श्रीमंत विधवा यहोशुआ बेन गमलाशी लग्न ठरवून बसली, आणि त्याला महायाजकपद मिळावं म्हणून तिने राजाला मापाने मोजून दिनार पोचते केले, असं म्हणतात. (विकत घेतलेल्या पदाचा हा माणूस पुढे गावोगावी पोरांसाठी शिक्षक नेमणारा म्हणून गौरवला गेला. पैसे काही वाया गेले नाहीत.)

मग यरुशलेमला रोमनांचा वेढा पडला. मार्थाने नोकराला बारीक मैदा आणायला धाडलं. तो संपला होता. नोकर परत येऊन म्हणाला, मैदा नाही, पांढरं पीठ आहे. मग तेच आण. तो जाईपर्यंत तेही संपलं. पांढरं नाही, जाडंभरडं आहे. तेच आण. तेही संपलं. आता जवाचं आहे. तोपर्यंत जवही गेले. नोकर हुकुमाचा इतका पक्का, की एकदाही समोर दिसेल ते उचलून आणावं असं त्याच्या मनात आलं नाही. मालकिणीने तसं सांगितलंच नव्हतं ना. शेवटी ती पायात काही न घालता स्वतः बाहेर पडली, पाय शेणात पडला आणि त्या किळसेनेच ती गेली. मरताना घरातलं सोनंचांदी रस्त्यावर फेकलं, याचा काय उपयोग म्हणून.

पदवीचं नाव झालं की आधीचं नाव होतं, हेच कधी कधी कळत नाही. जुन्या करारातला मलाखी घ्या. मलाखी म्हणजे माझा दूत. आता हे आईबापांनी ठेवलेलं नाव, की कोणा अनामिकाच्या कामाचं वर्णन? ग्रीक भाषांतर करणाऱ्यांनी सरळ ‘त्याच्या दूताच्या हस्ते’ असं लिहिलं, नाव धरलंच नाही. अरामी भाषांतरात तो एज्रा शास्त्री ठरला. तालमूदमध्येही यावर एकमत नाही. मला हा बिननावाचाच बरा वाटतो, कारण या दूताच्या पुस्तकाच्या शेवटी आणखी एका दूताची बातमी आहे: तो मोठा दिवस येण्याआधी एलिया संदेष्ट्याला पाठवीन. हिब्रूत ‘हा-नवी’, म्हणजे तो संदेष्टा.

हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले ते अलिबागला, इस्राएल आळीत, आजोळच्या शेजारच्या मावशींच्या तोंडून. त्या म्हणायच्या ‘एलियाहू हन्नाबी’, एका दमात, मध्ये फट न ठेवता. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांच्या, घरात आजारपण असो, परीक्षा असो, लग्न जमत नसो, नवस बोलायचा तो हन्नाबीला, आणि तो पावला की मलिदा करायचा. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळांच्या फोडी. अलिबागजवळच्या खंडाळ्याला, जिथे हन्नाबीचा रथ उतरला होता असं मानतात, तिथे खडकावर टापेची आणि चाकाची खूण दाखवतात. आळीत सगळे दिवेकर, पेणकर, केहीमकर. मी एकदा विचारलं, मावशी, हन्नाबी हे त्यांचं आडनाव का?

‘मग काय तर,’ त्या पोहे परतत म्हणाल्या. ‘पण गावाचं नाही हो ते. त्याला गाव कुठलं?’

याच लोकांत नावामागच्या ‘जी’चं काय झालं ते बघण्यासारखं आहे. शमुएलचा झाला सामाजी, यहेज्केलचा हासाजी. कंपनीच्या फौजेतला सामाजी हासाजी दिवेकर टिपूच्या कैदेतून सुटून आला आणि १७९६मध्ये त्याने मुंबईतलं बेने इस्राएलांचं पहिलं सिनेगॉग बांधलं. त्या नावातला मान कोणी वेगळा काढून दाखवावा.

मुलाच्या सुंतेला एलियाहूची खुर्ची मांडतात, आणि नाव ठेवतात ते त्याच वेळी. मलाखीच्या त्या बातमीवरून लोकांनी पुढे एवढं नक्की केलं की एलियाहू येईल तो मशीहाची वर्दी देईल. मशीहा म्हणजे तेलाने अभिषेक झालेला. राजाला आणि महायाजकालाही लागायची अशी ही जुनी पदवी. तिचं ग्रीक ख्रिस्तोस. नासरेथच्या येशूला ती लावली गेली आणि पौलाच्या पत्रांतच, म्हणजे वीस-तीस वर्षांच्या आत, ती त्याच्या नावासारखी वापरली जाऊ लागली. साधारण ११६मध्ये रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो तो ख्रिस्तुस हे एका माणसाचं नाव आहे असंच धरून. आणखी शंभरेक वर्षं उलटली तरी उरलेल्या यहुद्यांकडे पदवी होती आणि माणूस नव्हता. मधे अकिवा या पंडिताने रोमनांविरुद्ध बंड करणाऱ्या शिमोन बार कोसिबाला ‘बार कोख्बा’, ताऱ्याचा पुत्र केलं. ते बंड १३५मध्ये चिरडलं गेलं आणि पराभवानंतर त्याच्या नावात एक अक्षर फिरवून लोकांनी त्याला ‘कोझिबा’, खोटारडा केलं. वाळवंटातल्या गुहेत १९६०मध्ये त्याची स्वतःची पत्रं सापडली. त्यांत तो स्वतःला तारा म्हणत नाही आणि खोटारडाही नाही. बहुतेक ठिकाणी शिमोन बार कोसिबा, बस्स. पत्रांतला मजकूरही हुकूम, धमक्या आणि सणासाठी लिंबूवर्गी फळं पाठवण्याची ताकीद असा, कामापुरता.

जागा पुन्हा रिकामी झाली. मग नाव तरी काय असेल यावर सन्हेद्रीन या भागात पाठशाळांची जुंपली आहे. शीलाचे विद्यार्थी म्हणाले, त्याचं नाव शिलो. यन्नायचे म्हणाले, यिन्नोन. हनीनाचे म्हणाले, हनीना. प्रत्येकाने आपापल्या गुरूच्या नावाशी जुळणारं नाव शास्त्रातून शोधून आणलं आणि वर वचनही फेकलं. रवचं मत, जिवंतांपैकी असेल तर आमचे ते पवित्र रब्बी, म्हणजे तोच यहूदा हा-नासी. रव नहमान मात्र गुरूच्या नावापाशी थांबला नाही. मशीहा जिवंतांपैकी असेल तर माझ्यासारखा असेल, म्हणाला, आणि आधाराला यिर्मयाची ओळही दिली.